घरात दमा असेल तर मुलाची जनुक चाचणी करावी का?

प्रश्न असा आहे. सहा वर्षांच्या मुलाला गेली दोन वर्षे वारंवार खोकला येतो, धाप लागते, छातीत घरघर होते, आणि बालरोगतज्ज्ञांनी दम्याचे निदान केले आहे. मुलाच्या वडिलांना लहानपणी बालदमा होता. तो वयात येताना थांबला. आजीने आयुष्यात कधी विडी-सिगारेट ओढली नाही, तरी तिला सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुफ्फुसाचा आजार, असल्याचे सांगण्यात आले आहे. आईला स्वतःला कसलाही त्रास नाही आणि लग्न नात्यात झालेले नाही. एका खासगी प्रयोगशाळेची ‘दम्याची जनुक चाचणी’ अशी जाहिरात पाहून आईने तीन गोष्टी विचारल्या आहेत: ही चाचणी मुलाची करून घ्यावी का, दुसरे मूल झाल्यास त्यालाही दमा होईल का, आणि आजी, वडील व नातू यांचा आजार एकच आहे का.

ताई, चाचणीचे उत्तर आधी देतो, कारण त्यात आपले पैसे गुंतणार आहेत. आपण वर्णन केलेल्या प्रकारच्या दम्यासाठी जनुक चाचणी करू नये. तिच्या निकालाने निदान बदलत नाही, औषध बदलत नाही, आणि घरातल्या माणसांचा इतिहास नीट विचारला तर पुढच्या मुलाविषयी जो अंदाज बांधता येतो, त्याहून चांगला अंदाज या चाचणीतून मिळत नाही. मात्र श्वसनमार्गाचे काही मोजके आजार असे आहेत की ते वरकरणी दम्यासारखे दिसतात, पण एकाच जनुकातील दोषामुळे होतात, आणि तिथे जनुक चाचणी फार मोलाची ठरते. छातीच्या विकारांवर उपचार करताना मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या दुसऱ्या गटातील मुलांची. वर्षानुवर्षे ‘दमा’ या नावाखाली त्यांच्यावर उपचार होत राहतात आणि तोवर फुफ्फुसांचे भरून न येणारे नुकसान होऊन गेलेले असते. म्हणून त्यांच्याविषयी पुढे सविस्तर लिहितो.

दमा घराण्यात चालतो हे वैद्यांना आणि आजीबाईंना फार पूर्वीपासून माहीत होते. त्याची पद्धतशीर मोजणी न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट कुक आणि आल्बर्ट व्हँडर व्हीअर यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. दमा, परागज्वर आणि तत्सम ॲलर्जीच्या त्यांच्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांच्या रक्ताच्या नात्यात तसाच कुठला तरी आजार आढळला. त्यातली एक गोष्ट आजही तितकीच खरी आहे: वडिलांना दमा, आत्याला सततची सर्दी-शिंका आणि मुलाला त्वचेचा इसब, असे एकाच घरात दिसते. वारशाने येते ती ॲलर्जीची प्रवृत्ती. ती कोणाच्या नाकात, कोणाच्या त्वचेत आणि कोणाच्या श्वासनलिकांत प्रकट होते. त्यामुळे घराचा इतिहास विचारताना फक्त ‘दमा कोणाला आहे’ असे विचारणे अपुरे आहे.

पुढे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून हा वारसा किती प्रबळ आहे याचा अंदाज आला. एकसारख्या जुळ्यांत दोघांनाही दमा असण्याचे प्रमाण वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त असते, आणि त्यावरून दम्याची आनुवंशिकता बहुतेक अभ्यासांत ५० टक्क्यांच्या वर, काहींत ८० टक्क्यांच्या आसपास निघाली. हा आकडा जाहिरातींत हमखास वापरला जातो आणि तिथेच वाचकाची फसगत होते. आनुवंशिकता ७० टक्के आहे याचा अर्थ दमेकरी बापाच्या मुलाला दमा होण्याची शक्यता ७० टक्के आहे, असा मुळीच नाही. एखाद्या समाजात काहींना दमा होतो आणि काहींना होत नाही, या माणसामाणसांतल्या फरकापैकी किती वाटा त्यांच्या जनुकांतल्या फरकाने समजावून सांगता येतो, एवढेच तो आकडा सांगतो. आणि तोही त्याच समाजापुरता, त्याच काळापुरता. सर्वांच्या घरी सारखाच धूर असेल तर धुराचा परिणाम या हिशेबात दिसणारच नाही, कारण धुरामुळे त्यांच्यात फरक पडलेला नसतो. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला दमा आणि दुसऱ्याला नाही, अशी उदाहरणे भरपूर आहेत, आणि त्या दोघांची जनुके तर एकच असतात.

व्यवहारात उपयोगी पडणारे आकडे वेगळे आहेत. आई-वडिलांपैकी एकाला दमा असेल तर साधारण चारांतील एका मुलाला, आणि दोघांना असेल तर जवळपास निम्म्या मुलांना दमा होऊ शकतो, असे ढोबळ मानाने सांगता येते. हे प्रमाण मुख्यतः पाश्चात्त्य देशांतील पाहण्यांवरून आलेले आहे. मुलांतील दम्याचे एकूण प्रमाणच जिथे कमी आहे तिथे ते आणखी खाली येते. आईच्या दम्याचा प्रभाव वडिलांच्या दम्यापेक्षा थोडा अधिक दिसतो. त्याचे एक कारण असे मानले जाते की जनुकांखेरीज गर्भाशयातील वातावरणही आईकडूनच मिळते.

आता जनुकांकडे वळतो. दम्याचे असे एक जनुक नाही. मोठ्या लोकसंख्येच्या तपासणीतून आज गुणसूत्रांवर दम्याशी जोडलेल्या शंभराहून अधिक जागा सापडल्या आहेत आणि त्यांतील प्रत्येकीचा वाटा अगदी लहान आहे. त्यांतली सर्वांत पक्की जागा सतराव्या गुणसूत्रावर आहे. ती २००७ मध्ये उघडकीस आली आणि त्यानंतर वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा सापडली. तिथे ओआरएमडीएल-३ आणि जीएसडीएमबी ही जनुके शेजारी-शेजारी आहेत. या जागेचा संबंध लहानपणी सुरू होणाऱ्या दम्याशी आहे, प्रौढपणी सुरू होणाऱ्या दम्याशी फारसा नाही. फ्रान्समधील कुटुंबांच्या अभ्यासात २००८ मध्ये असे दिसले की, या जागेचा परिणाम लहानपणी तंबाखूच्या धुरात वाढलेल्या मुलांत अधिक ठळक होतो. नंतरच्या अभ्यासांत या जागेची जोखीम रायनोव्हायरस, म्हणजे साध्या सर्दीच्या विषाणूमुळे पहिल्या तीन वर्षांत छाती भरणाऱ्या मुलांशी जोडली गेली. युरोपातील ग्रामीण मुलांत तर उलटे चित्र आढळले: ज्यांच्या अंगी हाच जोखमीचा प्रकार होता, त्यांना गोठ्यातील वावरामुळे घरघरीपासून संरक्षण मिळाल्याचे दिसले. एकच जनुक-प्रकार धुरात वाढणाऱ्या मुलाला अधिक बाधतो आणि गोठ्यात खेळणाऱ्या मुलाला तितका बाधत नाही. ही माहिती प्रयोगशाळेच्या ‘जोखीम जास्त’ अशा एका ओळीच्या अहवालात कधीच उतरत नाही. शिवाय हा प्रकार इतका सर्वसाधारण आहे की दमा नसलेल्या कोट्यवधी लोकांतही तो असतो.

आणखी दोन जनुकांचा उल्लेख करतो, कारण त्यांनी आजाराची समजूतच बदलली. पहिले फिलॅग्रिन. हे प्रथिन त्वचेचा सर्वांत वरचा थर घट्ट ठेवते. त्याच्या जनुकात दोष असणाऱ्यांना कोरडी, खवल्यांची त्वचा आणि इसब होतो, आणि इसब असणाऱ्यांत पुढे दम्याचीही शक्यता वाढते, हे २००६ मध्ये दाखवण्यात आले. श्वासनलिकांत हे प्रथिन जवळजवळ नसतेच. म्हणजे त्वचेची तटबंदी ढासळल्यामुळे बाहेरचे पदार्थ आत शिरतात, शरीर त्यांच्याविरुद्ध संवेदनशील होते आणि परिणाम छातीत दिसतो. आपल्या मुलाच्या कोपराच्या किंवा गुडघ्याच्या घडीत लहानपणी चट्टे येत होते का, हे डॉक्टर विचारतात ते याचसाठी. दुसरे सीडीएचआर-३. डेन्मार्कमध्ये लहान वयात दम्याच्या तीव्र झटक्यांसाठी पुन्हा पुन्हा रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांत ते २०१४ मध्ये सापडले, आणि पुढच्याच वर्षी असे लक्षात आले की रायनोव्हायरस-सी हा विषाणू पेशीत शिरताना याच प्रथिनाचा दरवाजा वापरतो. ‘साधी सर्दी झाली की याची छाती भरते’, असे आई सांगते तेव्हा त्यामागे अशी काही यंत्रणा असू शकते.

या संशोधनाचा रुग्णांना फायदा झालाच नाही, असे मात्र समजू नये. आयएल-३३, टीएसएलपी, आयएल-४ व आयएल-१३ या, ॲलर्जीचा दाह पेटवणाऱ्या निरोप्या प्रथिनांच्या साखळीतील जनुके दम्याशी जोडलेली आहेत, हे पुन्हा पुन्हा दिसल्यामुळे त्या साखळीवर नेमका मारा करणाऱ्या औषधांचा पाया पक्का झाला. टीएसएलपीला रोखणारे टेझेपेलुमॅब अमेरिकेत २०२१ च्या अखेरीस मान्य झाले; आयएल-४ आणि आयएल-१३ या दोन्हींचा मार्ग अडवणारे डुपिलुमॅब दम्यासाठी त्याआधीच वापरात आले होते. ही महागडी इंजेक्शने आहेत आणि फक्त तीव्र, नेहमीच्या औषधांनी आटोक्यात न येणाऱ्या दम्यासाठी आहेत. ती कोणाला द्यायची हे ठरवतानाही जनुके तपासली जात नाहीत. रक्तातील इओसिनोफिल या ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, आयजीई या ॲलर्जीच्या प्रतिपिंडाची पातळी आणि रुग्णाचा इतिहास पाहिला जातो. साल्ब्युटामॉलसारखी श्वासनलिका मोकळ्या करणारी औषधे कोणाला किती लागू पडतील हे जनुकांवरून ओळखण्याचाही बराच प्रयत्न झाला, पण त्यावरून उपचार ठरवावेत इतका ठाम निष्कर्ष निघाला नाही. आपल्या मुलाचे औषध त्याच्या लक्षणांवरूनच ठरवायचे आहे.

जनुके आणि परिस्थिती यांचे नाते समजण्यासाठी मी रुग्णांच्या नातेवाइकांना नेहमी दोन उदाहरणे सांगतो. दक्षिण अटलांटिक महासागरात ट्रिस्टन दा कुन्हा नावाचे एक एकाकी बेट आहे. तिथली तीनशेहून कमी माणसे एकोणिसाव्या शतकात आलेल्या मोजक्या वसाहतकारांची वंशज आहेत, आणि त्या मूळ वसाहतकारांपैकी काहींना दमा होता. टोरांटोच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात तिथे तपासणी केली तेव्हा सुमारे निम्म्या बेटवासीयांत दम्याची लक्षणे वा खुणा आढळल्या. समुद्राची स्वच्छ हवा असूनही वारसा इतका प्रभावी ठरला. दुसरे उदाहरण अमेरिकेतील आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांचे आहे. दोघांचेही मूळ मध्य युरोपात, जनुकीय ठेवण बरीचशी सारखी, कुटुंबे मोठी, आहार मिळताजुळता, घरात धूम्रपान नाही. तरी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार आमिश शाळकरी मुलांत दम्याचे प्रमाण सुमारे ५ टक्के, तर हटराइट मुलांत सुमारे २१ टक्के होते. आमिश लोक घोडे-गाई घेऊन जुन्या पद्धतीने शेती करतात, त्यांचे गोठे घराला लागून असतात आणि मुले त्यांत वावरतात. हटराइटांची शेती मोठी व यांत्रिक असते आणि मुले गोठ्यापासून दूर राहतात. आमिश घरांतील धुळीत जंतूंचे अंश कितीतरी पटींनी जास्त सापडले, आणि ती धूळ उंदरांना हुंगवली असता त्यांना दम्यासारख्या विकारापासून संरक्षण मिळाले. जर्मनीच्या एकीकरणानंतरची पाहणीही याच अंगाने जाते: पूर्वेकडील लाइपझिगची हवा कोळशाच्या धुराने भरलेली होती, तरी ॲलर्जी आणि दमा पश्चिमेकडील म्युनिकच्या मुलांत अधिक आढळला. धूर चांगला असतो, असा याचा अर्थ कोणी काढू नये. आयुष्याच्या पहिल्या वर्षांत रोगप्रतिकारशक्तीला जे वळण लागते, त्यात पुष्कळ घटक असतात, आणि काही दशकांत जगभर वाढलेला दमा जनुकांनी समजावून सांगता येत नाही, कारण जनुके इतक्या वेगाने बदलत नाहीत.

आता आजींकडे येतो. आजी आणि नातू यांचे आजार एकच आहेत, असे मला वाटत नाही. सीओपीडी म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होणे आणि फुफ्फुसांतील वायुकोश नष्ट होणे. दम्यात अरुंदपणा येतो आणि जातो. तंबाखू न ओढताही सीओपीडी होतो, ही गोष्ट भारतात नवीन नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये याच विषयावर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सविस्तर लिहिले होते. लाकूड, गोवऱ्या, तुराट्या जाळणाऱ्या चुलीपुढे, धुराडे नसलेल्या स्वयंपाकघरात ज्या बायकांनी तीस-चाळीस वर्षे काढली, त्यांच्या फुफ्फुसांत तंबाखूइतकेच गंभीर नुकसान दिसते. पूर्वी झालेला क्षयरोग, शेतातील धूळ आणि लहानपणचे न्यूमोनियाही यात भर घालतात. राष्ट्रीय पातळीवरील अंदाजानुसार २०१६ मध्ये भारतात सीओपीडीचे साडेपाच कोटींहून अधिक आणि दम्याचे पावणेचार कोटींहून अधिक रुग्ण होते. आजींच्या पिढीतील स्त्रियांना कोणी ‘तुम्ही चुलीपुढे किती वर्षे बसलात’ असे विचारले नाही, म्हणून त्यांच्या आजाराला नावही मिळाले नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

सीओपीडीतही वारसा काही अंशी असतो. सारख्याच सिगारेटी ओढणाऱ्या दोघांपैकी एकालाच तो का होतो, याच्या शोधात एचएचआयपी आणि फॅम-१३-ए अशी जनुके सापडली. पंधराव्या गुणसूत्रावरील निकोटिन-ग्राहकाची, म्हणजे निकोटिन ज्याला चिकटते त्या प्रथिनाची, जागा तर सिगारेटचे व्यसन आणि फुफ्फुसाचा आजार या दोन्हींशी जोडलेली आहे. आपल्या घराच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणातून आला. सीओपीडी झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांची फुफ्फुसे म्हातारपणी झपाट्याने झिजलेली नव्हती. ती तरुणपणीच पूर्ण क्षमतेला पोहोचलेली नव्हती, आणि पुढची नेहमीची झीजच त्यांना आजारापर्यंत घेऊन गेली. फुफ्फुसांची वाढ गर्भापासून विशीपर्यंत होत राहते. आपल्या मुलाचा दमा या वयात आटोक्यात ठेवायचा तो याही कारणाने.

मुलाच्या वडिलांचा दमा थांबला, असे आपण लिहिले आहे. वयात येताना बालदमा शांत होणे नेहमीचे आहे. पुढे तिशी-चाळिशीत, विशेषतः धूम्रपान किंवा कामाच्या ठिकाणची धूळ यांच्या संगतीने, तो परत येणेही नेहमीचे आहे. त्यांनी एकदा स्पायरोमेट्री, म्हणजे जोराने फुंकून फुफ्फुसांची क्षमता मोजण्याची चाचणी, करून घ्यावी.

आता ज्या आजारांत जनुक चाचणी खरोखर लागते, त्यांकडे वळू. पहिला सिस्टिक फायब्रोसिस. सातव्या गुणसूत्रावरील सीएफटीआर जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष असला की तो होतो. हे जनुक १९८९ मध्ये सापडले. शरीरातील स्राव घट्ट होतात, फुफ्फुसांत चिकट कफ साठून जंतुसंसर्ग होत राहतो, स्वादुपिंडाचे पाचकरस आतड्यात पोहोचत नाहीत. हा आजार गोऱ्या लोकांचा, आपल्याकडे होत नाही, असे अनेक वर्षे मानले गेले आणि त्यामुळे तो शोधलाच गेला नाही. छातीच्या संसर्गाने वारंवार आजारी पडणारे, वजन न वाढणारे, ज्याची शी तेलकट आणि उग्र वासाची असते, ज्याचा पापा घेताना आईला त्वचा खारट लागते, असे मूल दम्याच्या औषधांवर वर्षभर ठेवणे घातक आहे. त्याची पहिली चाचणी जनुकाची नसून घामाची असते: घामातील क्लोराइड लिटरमागे ६० मिलिमोल किंवा अधिक निघाले तर निदान जवळजवळ पक्के होते. त्यानंतर जनुक तपासावे, आणि इथे एक सावधगिरी हवी. युरोपीय रुग्णांत एफ-५०८-डेल हा एकच दोष बहुसंख्य प्रमाणात सापडतो, भारतीय रुग्णांत त्याचा वाटा बराच कमी आहे. म्हणून पाश्चात्त्य रुग्णांसाठी बनवलेल्या मोजक्या दोषांच्या यादीवरची चाचणी ‘दोष नाही’ असे सांगून चुकवू शकते. संपूर्ण जनुकाचे वाचन मागावे. नेमका दोष माहीत असणे उपचारासाठीही आवश्यक झाले आहे, कारण गेल्या काही वर्षांत आलेली सीएफटीआर प्रथिनालाच दुरुस्त करणारी औषधे ठरावीक दोषांवरच चालतात.

दुसरा आजार श्वासनलिकांतील सूक्ष्म केसांचा, म्हणजे पक्ष्माभिकांचा. हे केस लयीत हलून कफ वर ढकलतात. त्यांच्या रचनेतील जनुकांत दोष असला की कफ साठून राहतो. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळाला पहिल्याच दिवशी श्वासाचा त्रास होणे, तान्हेपणापासून बारा महिने ओला खोकला, कायम वाहणारे नाक आणि कान, ही त्याची ओळख आहे. सुमारे निम्म्या रुग्णांत हृदय उजवीकडे आणि पोटातील अवयव उलट्या बाजूंना असतात. झुरिकच्या मानेस कार्टागेनर यांनी १९३३ मध्ये वर्णन केलेला हा प्रकार छातीच्या साध्या एक्स-रेत दिसू शकतो, मात्र एक्स-रे लावताना डावे-उजवे नीट पाहिले गेले पाहिजे. दम्याचा खोकला बहुतेक कोरडा असतो, रात्री व पहाटे वाढतो आणि मधल्या काळात मूल ठणठणीत असते. रोजच्या रोज ओला खोकला असणारे मूल दमेकरी आहे, असे मानण्याआधी डॉक्टरांनी थांबून विचार करावा, असे माझे ठाम मत आहे.

हे दोन्ही आजार प्रच्छन्न प्रकाराने येतात. आई आणि वडील दोघेही निरोगी वाहक असतात आणि प्रत्येक गरोदरपणात मूल बाधित होण्याची शक्यता २५ टक्के असते. आपल्याकडे अनेक समाजांत मामाच्या किंवा आत्याच्या घरी सोयरीक करण्याची रीत आहे. अशा विवाहांत एकच दोष दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. आपले लग्न नात्यात नाही, त्यामुळे ही शंका थोडी मागे पडते, पण पूर्णपणे मिटत नाही.

तिसरा आजार अल्फा-१ अँटिट्रिप्सिनची कमतरता. स्वीडनमधील कार्ल-बर्टिल लॉरेल आणि स्टेन एरिक्सन यांनी १९६३ मध्ये तो ओळखला. यकृतात तयार होणारे हे प्रथिन फुफ्फुसाच्या ऊतींचे रक्षण करते. ते कमी असले की ऐन चाळिशीत वायुकोश नष्ट होऊ लागतात, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांत. उत्तर युरोपात तो बऱ्यापैकी आढळतो, भारतीयांत विरळा. सीओपीडीच्या प्रत्येक रुग्णाची त्यासाठी एकदा तपासणी व्हावी, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे आणि ती साध्या रक्ततपासणीने सुरू होते. आजींना कमी वयात हा त्रास सुरू झाला असेल, किंवा घरात कोणाला कारण न सापडलेला यकृताचा आजार असेल, तर डॉक्टरांना ही तपासणी जरूर विचारावी.

मुलाच्या बाबतीत आपण वर्णन केलेली लक्षणे साध्या दम्याची वाटतात. पहिल्या तीन वर्षांत घरघर होणाऱ्या मुलांपैकी अर्ध्याहून अधिक मुलांची घरघर सहाव्या वर्षापर्यंत थांबते, हे अमेरिकेतील टुसान शहरात १९८० पासून चाललेल्या अभ्यासाने दाखवले. उरलेल्यांत कोणाचा दमा टिकेल, हे ठरवण्याचा जो निर्देशांक त्याच अभ्यासातून तयार झाला, त्यात पालकांचा दमा आणि मुलाचा इसब हे दोन प्रमुख निकष आहेत. सर्दीशिवायही होणारी घरघर, ॲलर्जीची सर्दी आणि रक्तातील वाढलेले इओसिनोफिल हे दुय्यम. आनुवंशिकतेचा दवाखान्यातला खरा उपयोग हा आहे, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. आपल्या मुलाचे वय आता स्पायरोमेट्री करता येण्याजोगे आहे. पंप घेण्याआधी आणि नंतर अशी दोनदा ती करावी. रोज स्टेरॉइडचा कमी मात्रेचा पंप स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी) लावून द्यायला डॉक्टरांनी सांगितले असेल, तर ‘पंपाची सवय लागते’ या भीतीपोटी तो बंद करू नये. जगातील दम्याच्या रुग्णांच्या तुलनेत भारतात दम्याने होणारे मृत्यू फार जास्त आहेत, आणि नियमित पंपाऐवजी धाप लागल्यावर घेतलेल्या गोळ्या, सिरप आणि नेब्युलायझर यांवर भागवण्याची आपली रीत त्याला मोठ्या प्रमाणात जबाबदार आहे. केळी, दही, लिंबू सरसकट बंद करण्यालाही आधार नाही. एखाद्या पदार्थाने त्रास होतो असे प्रत्यक्ष दिसले असेल तरच तो टाळावा.

दुसऱ्या मुलाविषयी सांगायचे तर, केवळ या कारणासाठी आपला विचार बदलू नये. त्याला दमा होण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा जास्त आहे, तरी न होण्याची शक्यता त्याहून मोठी आहे. गरोदरपणात घरात कोणीही सिगारेट ओढू नये. चूल पेटत असेल तर आपण तिच्यापासून दूर राहावे. मिश्री लावण्याची सवय असेल तर ती सोडावी, कारण तंबाखू कोणत्याही मार्गाने शरीरात गेली तरी निकोटिन गर्भापर्यंत पोहोचते, आणि मिश्री वा अन्य तंबाखूने बाळाचे वजन घटते. ॲलर्जी टाळण्यासाठी आईने दूध-अंडी-शेंगदाणे सोडण्याचा उपयोग होत नाही. पहिले सहा महिने अंगावरचे दूध पाजल्यास लहानपणच्या संसर्गाने होणारी घरघर कमी होते.

दमा कोणाच्या घराण्यातून आला, यावरून घरात बोलणे होते, असेही आपण लिहिले आहे. सोयरीक जुळवताना दमा लपवला जातो, मग सुनेला दोष दिला जातो, आणि काही मुली सासरी पंप लपून घेतात किंवा घेतच नाहीत. त्यांतल्या काहींना मी अत्यवस्थ अवस्थेत पाहिले आहे. शंभराहून अधिक जागांतून येणारी ही प्रवृत्ती थोडीथोडी प्रत्येक घराण्यात असते, आणि आपल्या मुलाच्या अंगी ती दोन्हीकडून मिळून आलेली आहे, हे सासूबाईंसमोरही जरूर सांगावे.

पुढच्या भेटीला जाताना एका कागदावर दोन्ही बाजूंच्या तीन पिढ्या लिहून न्याव्यात: दमा, सततची सर्दी, इसब, सीओपीडी, क्षयरोग, यकृताचा आजार, लहानपणी दगावलेली मुले, मूल न होणारे पुरुष आणि नात्यातील लग्ने. मूल न होणाऱ्या पुरुषांचा उल्लेख अनेकांना विचित्र वाटतो, पण सिस्टिक फायब्रोसिस आणि पक्ष्माभिकांचा विकार या दोन्हींत पुरुषांना बहुधा वंध्यत्व येते, आणि घरातील एखाद्या काकांचा तेवढाच धागा कधी कधी योग्य निदानापर्यंत नेतो. मुलाचे वजन-उंचीचे कार्ड आणि जुने एक्स-रे सोबत असू द्यावेत. ओला खोकला, वजन न वाढणे, उलट्या बाजूचे हृदय, बोटांची टोके फुगणे किंवा नाकात कोंब (पॉलिप), यांपैकी काही आढळले तर घामाची चाचणी आणि मोठ्या केंद्राकडे पाठवणी मागावी. यांतले काहीच नसेल, तर जनुक चाचणीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून स्पेसर, घरच्या घरी फुंकीचा जोर मोजणारा पीक फ्लो मीटर आणि वर्षभराचे पंप घ्यावेत, आणि आजींच्या स्वयंपाकघराला धुराडे किंवा गॅस आहे की नाही ते पाहावे.